कोड सांगा, भोयरभाऊ

नाईट शिफ्ट करून, आंघोळ करून, पोहे खाऊन, पडदे ओढून जो माणूस नुकताच गाढ झोपला आहे, त्याला खांद्याला धरून हलवायचं आणि म्हणायचं, "भाऊ, चार आकडे सांगा." असा शेजारी तुम्हाला आहे काय? नसेल तर देवाचे आभार माना. मला आहे.

"कोणते आकडे?" मी डोळे न उघडताच विचारलं.

"कोणतेबी. पण चार पाह्यजेत. मिक्सरचं काम झालं. कोड देल्याशिवाय कॉल बंद होत नाही."

मी तोंडाला आला तो नंबर सांगितला आणि कूस बदलली.

"हा नाही चालत भाऊ. हा तुमी मांगं इस्तरीच्या टायमाले देल्ला होता. रिपीट कोड सिस्टम घेत नाही."

"कुठली सिस्टम?" माझी झोप उडाली ती उडालीच. "कंपनीनं तुमाले काढून जमाना झाला! कुठं हाय तुमची सिस्टम?"

त्यांनी शांतपणे आपल्या कपाळाला बोट लावलं. "हे इथं."

तर हे आमचे नामदेव चकोले. भिलाईच्या रुआबांध्यात आमच्या बरोब्बर समोर राहतात. मधला रस्ता इतका अरुंद की त्यांच्या घरी मिरचीची फोडणी पडली की शिंका मला येतात. अंगानं किडमिडीत, आवाज मात्र भारदस्त. मिशी कातरलेली, शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला आणि चेहऱ्यावर असा भाव की सगळं भिलाई यांच्याच भरवशावर सुरू आहे. त्यांना मिस्त्री म्हटलेलं अजिबात खपत नाही. गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका बाईनं एकदा "ओ मिस्त्री भैया" अशी हाक मारली, तर हे थांबलेच नाहीत. ती बिचारी फ्रिजच्या पाण्यात फडकी टाकत बसली. शेवटी कोणीतरी तिला समजावलं, मग तिनं "इंजिनिअर साहब" म्हटलं, तेव्हा कुठे स्वारी वळली.

ज्यांच्या घरी कंपनीचा माणूस वॉशिंग मशीन बघायला येऊन गेला असेल, त्यांना या कोडचा प्रकार ठाऊक असेल. काम झालं की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चार आकडे येतात. ते इंजिनिअरला सांगायचे, त्यानं आपल्या फोनात टाकायचे, की तक्रार मिटली. कंपनीवाले त्याला हॅपी कोड म्हणतात. गिऱ्हाईक खूश आहे म्हणूनच आकडे सांगतंय, असा त्याचा अर्थ. चकोल्यांनी सगळी उमर या कामात घालवली. दुर्गच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ते एका मोठ्या कंपनीचे इंजिनिअर होते. बाप भंडाऱ्याकडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला आलेला, त्याची फार इच्छा की पोरानंही प्लांटमध्येच लागावं. पण पोरगा आयटीआय करून कंपनीत गेला. मी प्लांटमध्ये, रोलिंग मिलला. त्यावरून ते मला अजून टोमणे मारतात. "भोयरभाऊ, प्लांटमधी माणसाले नंबर राहते. कंपनीत नाव राहते. शर्टावर लिहेल राहते."

शर्टावर लिहिलेलं ते नाव एके दिवशी कंपनीनं पुसून टाकलं. त्याची कथा अशी. नव्या साहेबानं फर्मान काढलं की आधी फोनवर कोड मागून घ्या, कॉल बंद दाखवा आणि मग सवडीनं काम करायला जा. बाकीच्यांनी तसंच केलं. चकोले ऐकेनात. त्यांचं एकच पालुपद, "काम आधी, कोड मंग." परिणाम असा झाला की कंपनीच्या पडद्यावर सगळ्यांचे कॉल झटपट बंद दिसायचे आणि चकोल्यांचे तेवढे उघडे. पुढे कंपनीनं दुर्गचं सेंटरच बंद केलं आणि काम ठेक्यावर दिलं. आता मोटरसायकलवर पोट्टे येतात, झाकण उघडतात, "पूरा बोर्ड बदलना पड़ेगा" म्हणतात आणि जातात. जुन्या इंजिनिअरांना रायपूरच्या एका हॉटेलात बोलावून जेवण घातलं, हातात फुलं दिली आणि घरी पाठवलं.

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, "काय म्हणाले हो साहेब?"

"काई नाही. पनीर चांगलं होतं," एवढंच बोलून ते आत गेले.

मला वाटलं, आता हा माणूस दुकान टाकेल. हाताला हुन्नर आहे, गल्ली ओळखते. पण दुकान टाकणं म्हणजे मिस्त्री होणं! ते कसं चालेल? मग त्यांच्या पोरानं पुण्याहून कोणाला तरी फोन करून त्यांना मार्केटमधल्या एका शोरूममध्ये चिकटवून दिलं. एक्स्चेंजचं काम. लोकांच्या घरी जायचं, जुना फ्रिज, जुनी मशीन बघायची, मान हलवून "याच्यात आता काही राहिलं नाही" म्हणायचं आणि नवीन घ्यायला लावायचं. एवढंच. मान हलवायची! माझ्या घरचं मांजरही हे काम करू शकलं असतं.

चकोले बोरसीला पहिल्याच घरी गेले आणि जुनी वॉशिंग मशीन बघून म्हणाले, "सिम्टम सांगा, फॉल्ट मी सांगतो." आणि दुरुस्त करून आले. गिऱ्हाइकानं शोरूमला फोन केला की नवी मशीन नको, तुमचा माणूस फार गुणी आहे. दुसऱ्या घरी फ्रिज. तोही सुरू करून आले. असं करत करत त्यांनी शोरूमची इतकी गिऱ्हाइकं खूश केली की शेठनं शेवटी त्यांच्यापुढे हात जोडले. म्हणाला, साहब, आप घर पे आराम करो.

मी त्यांना तेव्हा झापलं होतं. "अहो, तुमाले दुरुस्त कराले ठेवलं होतं का इकाले?"

"चालू मशीनले मेलेली कसं म्हणू भाऊ?"

"तोंडानं म्हणा! काय जाते तुमचं?"

त्यानंतर मात्र माणूस बसला. बसला म्हणजे खरंच बसला, ओट्यावर, बनियान घालून, दाढी वाढलेली. आल्यागेल्याशी बोलणं नाही. मी "काय चकोले?" म्हटलं की नुसती मान वर करायचे. मग ओट्यावर येणंही बंद झालं. दार लावलेलं असायचं. कुसुमवैनी, म्हणजे त्यांची बायको, भाजी घ्यायला बाहेर यायची तेव्हा तिचे डोळे सुजलेले असायचे. माझी बायको मंदा म्हणाली, "दिवसभर भिताडाकडे तोंड करून झोपून राहतात म्हणे. जेवाले उठवा लागते." पोराचे पैसे येत होते, घर चालत होतं. माणूस चालत नव्हता.

आणि मग, का कोण जाणे, एक दिवस चकोले चकाचक दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात हत्यारांची बॅग घेऊन आपल्याच घरातून बाहेर पडले. दार ओढून घेतलं. ओट्यावर बसून बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. गिऱ्हाइकाची फरशी खराब होऊ नये म्हणून कंपनीचे लोक घालतात ना, त्या. मग उभे राहिले, केसांवरून हात फिरवला आणि आपल्याच दाराची घंटी वाजवली. कुसुमवैनीनं दार उघडलं.

"नमस्कार. मी सर्व्हिस इंजिनिअर चकोले. आपली कंप्लेंट होती?"

मी समोर ब्रश करत उभा होतो. फेस तोंडातच राहिला. म्हटलं, गेलं. हे आता कामातून गेलं.

पण त्या दिवसापासून माणूस सुटला तो सुटलाच! गल्लीत रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी काहीतरी बिघडायला लागलं. आज साहूच्या घरचा कूलर, उद्या राव मॅडमची इस्त्री, परवा आमचा मिक्सर. आणि चकोले हाजिर. समोरच्या घरातून समोरच्या घरात यायचं, मध्ये चार पावलांचा रस्ता, पण निळ्या पिशव्या घालणार, घंटी वाजवणार, सगळी प्रस्तावना म्हणणार. मी स्वतः दार उघडलं तरी!

"नमस्कार. मी सर्व्हिस इंजिनिअर..."

"अहो चकोले, सकाळी तुमी माझ्याच घरचा पेपर वाचून गेले ना?"

"तवा ड्यूटीवर नव्हतो भाऊ. आपली कंप्लेंट होती?"

संध्याकाळी त्या निळ्या पिशव्या धुऊन कुसुमवैनीच्या साड्यांशेजारी तारेवर वाळत घातलेल्या असायच्या. प्लांटची लाल धूळ बसू नये म्हणून वर एक पंचा.

काम करताना तोंडाचा पट्टा सुरू. हा वायर इथं बसते, हा स्क्रू सैल झाला की असं होते, पहिले प्लग काढाचा, मंगच हात लावाचा. मंदा बाजूला उभी राहून शाळेतल्या पोरीसारखी मान डोलवायची. पैशाचं नाव काढलं की म्हणायचे, "वॉरंटीत आहे." सगळी गल्ली त्यांच्या वॉरंटीत होती. चहा घ्यायचे, भजी दिली तर भजी खायचे. आणि शेवटी तो कोड.

मंदा पटकन सांगून मोकळी व्हायची. तिला कुठून सुचायचे देव जाणे, दर वेळी नवीन, हसत हसत. माझी मात्र पंचाईत. स्कूटरचा नंबर देऊन झाला, प्लांटमधला टोकन नंबर देऊन झाला, लग्नाचं साल देऊन झालं. एकदा वैतागून चार शून्यं सांगितली तर म्हणाले, "असा कोड येत नाही भाऊ. कंपनी येवढी पागल नाही."

कंपनी पागल नाही, म्हणे!

या प्रकारानं माझं डोकं पार उठलं. एक तर आठवड्याला काहीतरी बिघडतं, त्यात नेमकी माझी झोपेची वेळ. मी मंदाला म्हणालो, "जुना कचरा आहे सगळा. एकेक करून नवीन आणतो. पाहू मंग कसा येते तुमचा इंजिनिअर."

मंदा म्हणाली, "काई गरज नाही. मिक्सर चांगला आहे."

"चांगला आहे तं दर आठवड्याले मरते कावून?"

मी सरळ मार्केटमध्ये गेलो आणि नवाकोरा मिक्सर घेऊन आलो. खोका घेऊन स्कूटरवरून उतरतो तर समोर चकोले ओट्यावर. उठून आले. खोक्यावरून हात फिरवला, वाचलं, पालथा करून पाहिला.

"वॉरंटीतला आहे?"

"मंग? दोन वर्षांची." मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"हौ. मंग आपण हात नाही लावू शकत," ते म्हणाले. "सील राहते. बिघडला तं कंपनीचे पोट्टे येतील." आणि खोका माझ्या हातात परत देऊन निघून गेले. त्या दिवशी कोड मागितला नाही.

घरात मंदानं माझ्याशी बोलणं टाकलं. नवीन मिक्सर आणल्याबद्दल नवऱ्याशी अबोला धरणारी बाई जगाच्या पाठीवर ही एकच असेल. त्यात साहू मला गल्लीत गाठून म्हणाला, "भोयरजी, सही किए. मैं भी नया कूलर ले लेता हूँ, रोज का टंटा खतम." त्याच्या मागून साहूबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिची गाय सोडून दिली. "का जरूरत रिहिस तोला?" ती मलाच ओरडली. काय गरज होती तुला! अरे, माझा मिक्सर, माझी मिरची, माझी चटणी!

पुढच्या मंगळवारी मिलचं शटडाऊन निघालं. आम्हाला सकाळच्या शिफ्टच्या मधेच घरी सोडलं आणि रात्री या म्हणाले. मी चपला काढून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर मंदा फरशीवर फतकल मारून बसली आहे, नाकावर चष्मा, समोर नवाकोरा मिक्सर पालथा पडलेला, आणि हिच्या हातात माझा टेस्टर. बाजूला तो वॉरंटीचा चकचकीत स्टिकर फाडून ठेवलेला.

"मंदा!"

ती दचकली, पण टेस्टर सोडला नाही.

"काय करून राहिली तू?"

"वायर ढिला करून राहिली."

"कावून?"

"मंगळवार आपला आहे म्हणून."

मी खुर्ची ओढून बसलो. प्लग काढला आहे काय, हे विचारायचं मला भान नव्हतं, पण तीच म्हणाली, "पहिले प्लग काढला, भेऊ नका. चकोले भावजी सांगतात ना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या अंधाऱ्या दिवसांत, चकोले भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा, कुसुमवैनीचा मिक्सर खरोखरच बिघडला. ती त्यांना म्हणाली, उठा, पाहून द्या. ते हलले नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाली, हलले नाहीत. तिला रडू आलं. मग काय मनात आलं कोण जाणे, स्वयंपाकघरातून तिनं मोबाइलवरून त्यांना फोन लावला. आतल्या खोलीत घंटी वाजली. त्यांनी उचलला. ती म्हणाली, "हॅलो, कंप्लेंट द्याची होती. मिक्सर चालून नाही राहिला." मग ते म्हणाले, "पत्ता सांगा." तिनं स्वतःच्या घराचा पत्ता सांगितला. आणि माणूस उठला. दाढी केली. कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला.

"तिनं भिशीत सांगितलं हे," मंदा म्हणाली. "रडून रडून सांगितलं. स्वतःच्या घरचं किती दिवस बिघडवाचं तिनं? मंग आमी वार वाटून घेतले. मंगळवार आपला. बुधवार साहूबाईचा. तुमी घरी झोपले राहता म्हणून सांगितलं नाही. तुमच्या पोटात काई राहत नाही."

मी भडकलो. भडकणारच! माझ्या घरात, माझ्या कष्टाच्या मिक्सरचा स्टिकर फाडून, माझ्या टेस्टरनं! आणि गल्लीभरच्या बाया मिळून एका मोठ्या माणसाशी भातुकली खेळतात, त्याला आणि मला दोघांना उल्लू बनवतात! मी म्हणालो, "हे बंद करा. आजच्या आज. मी सांगतो त्याईले. खोटं ते खोटं. उद्या त्याईले बाहेरून समजलं तं तो माणूस पुन्हा उठन काय?"

मंदा घाबरली. "नका सांगू हो. तुमच्या पाया पडते. मी फोन करून बसली. ते दाढी करून राहिले असतील."

तेवढ्यात घंटी वाजली.

"तू मागच्या दारानं कुसुमवैनीकडे जा," मी म्हणालो. "मी पाहतो."

दार उघडलं. निळ्या पिशव्या, इस्त्रीचा शर्ट, गालावर नुकत्याच केलेल्या दाढीत कापल्याचा एक लाल टिपका. "नमस्कार. मी सर्व्हिस इंजिनिअर चकोले. आपली कंप्लेंट होती?"

"या," मी म्हणालो. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. चकोले, बसा, तुमाले एक सांगाचं हाय. पण ते तोवर स्वयंपाकघरात पोचले. खाली बसले. मिक्सर जवळ ओढला. फाटलेल्या स्टिकरवर बोट ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

झाकण निघालं. आतल्या सैल वायरकडे ते बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या तोंडाचा पट्टा आज बंद होता. मग मिशीतल्या मिशीत हसले.

"मंदावैनीचं काम एक नंबर राहते," ते म्हणाले.

"काय?"

"स्क्रूच्या माथ्यावर एक ओरखडा नाही, पाहा. टेस्टरनं उघडते, सफाईनं. साहूबाई भाजीच्या चाकूनं उघडते, माथा छिलून टाकते. राव मॅडम तं झाकण उघडतच नाहीत, नुसता फ्यूज काढून पदराले बांधून ठेवतात. अन् कुसुम..." ते थांबले. "कुसुम वायर कापते. तिले ढिला करता येत नाही. मंग मी गेलो का हात पाठीमागे लपवते."

मघाचं ते वाक्य कुठं गेलं, मलाच कळेना.

"तुमाले माहीत आहे?"

"भोयरभाऊ, जळेल वायर अन् सोडेल वायर यात फरक नाही समजत का मले? कोणत्या कंपनीत काम केलं मी?" तो जुना भारदस्त आवाज क्षणभर परत आला. मग खाली उतरला. "पहिल्या दिवशी नाही. कुसुमचा मिक्सर खराच बिघडला होता. पण दुसरी कंप्लेंट आली तवा समजलं."

"मंग येता कावून? कोड कावून मांगता?"

ते वायर बसवू लागले. बोटं बरोबर चालत होती, बोलणं अडखळत होतं.

"नाही आलो तं तिले वाटन का हा पुन्हा झोपला. आता ती रातच्याले झोपते. इतके दिवस झोपत नव्हती. मी भिताडाकडे तोंड करून होतो ना, मले वाटे ती झोपली. ती उठून बसून राहे." स्क्रू फिरत होता. "अन् भाऊ, खरं सांगू? घंटी वाजवली का कोणी तरी दार उघडते. हसून उघडते. सगळ्या बाया येवढा इचार करतात, आपला टेस्टर लपवतात, नवऱ्याच्या शिव्या खातात. मी नाही आलो तं त्याईचा मान राहते का? कोड यासाठी मांगतो का त्याईलेबी वाटलं पाह्यजे, का काम झालं. ती कोड सांगते तवा पाहा मंदावैनीचं तोंड. येवढी खूश राहते."

खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला भयंकर राग आला. एवढ्या गल्लीत सगळ्यांना सगळं माहीत, एकटा मी ठार आंधळा. बाया त्याला सांभाळतात, तो बायांना सांभाळतो, आणि मी मध्ये दोन वर्षांची वॉरंटी घेऊन उभा!

"मंदावैनीले सांगू नका," ते म्हणाले. "कोणालेच सांगू नका."

"माझ्या पोटात काई राहत नाही म्हणतात."

"राहू द्या या वेळी."

झाकण बसलं. त्यांनी प्लग लावून बटण दाबलं. मिक्सर घरघरला. बंद केला. हात पुसले. बॅग भरली. मग उभे राहून खिशातून फोन काढला, बोट पडद्यावर धरलं आणि नेहमीच्या रुबाबात म्हणाले, "कोड सांगा, भोयरभाऊ."

बाहेर मार्केटच्या रस्त्यानं कोणीतरी भंगार, पुराने कूलर, फ्रिज असं ओरडत चाललं होतं. सांगायला नंबर होते. सासऱ्याच्या घराचा होता, बँकेचा होता, एखादा बनवूनही सांगता आला असता. मी मिक्सरकडे पाहिलं आणि म्हणालो, "आवाज बरोबर वाटून नाही राहिला."

"काय म्हणता! मलाईसारखा आवाज आहे."

"मले नाही वाटत. मी नाही कोड देत. काम आधी, कोड मंग."

ते माझ्याकडे बघत राहिले. मिक्सरला काही झालं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मिशी एकदा थरथरली. त्यांनी फोन खिशात घातला, बॅग खांद्याला लावली.

"मंग कॉल ओपन ठेवा लागते भाऊ."

"ठेवा."

"उद्या या लागन."

"या. आज रातच्याले माझी नाईट आहे, पण सकाळी येजा. मी झोपलो राहीन. उठवजा."

निळ्या पिशव्यांचा चुर्रचुर्र आवाज करत ते रस्ता ओलांडून गेले. मी खिडकीशी उभा राहिलो. त्यांनी घंटी वाजवली नाही, ड्यूटी संपली होती, दार ढकलून आत गेले. आत मंदा आणि कुसुमवैनी जीव मुठीत धरून बसल्या असणार. मग चकोल्यांचा तो सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा आवाज आला, त्रासलेला, थकलेला, एकदम पहिल्यासारखा.

"चहा ठेव वं कुसुम. भोयरच्या घरचा कॉल ओपन राहिला. उद्या पुन्हा जा लागते. लय किचकट कस्टमर आहे."